पावलांच्या आवाजापलीकडे: घरच्या गेमिंगसाठी पहिला चांगला हेडफोन

गेमविषयी आपण बोलतो ते बहुतेक वेळा डोळ्यांनी बोलतो. ग्राफिक्स कसे आहेत, फ्रेम किती मिळतात, स्क्रीन किती इंची आहे. आवाजाचा विषय निघाला की संभाषण दोन वाक्यांत आटोपतं: 'आवाज भारी आहे' आणि 'पावलं ऐकू येतात'. आज या दोन वाक्यांच्या थोडं पुढे जायचंय. निमित्त अगदी घरगुती आहे. मोबाईलबरोबर आलेल्या इअरफोनवर नाहीतर टीव्हीच्या स्पीकरवर काही वर्षं काढलेला माणूस पहिला चांगला हेडफोन घेतो. काय घ्यावं आणि घेतल्यावर कसं लावावं, हा प्रश्न दिसायला खरेदीचा. आमच्या मते तो समीक्षेचाही आहे. गेममधला प्रत्येक आवाज कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेला असतो. हेडफोन लावणारा माणूस ती रचना कशी वाचायची, हे ठरवत असतो.

आधी कान. दोनच कान असताना आपल्याला आवाजाची दिशा कळते कशी? लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये याची मांडणी केली, ती अजूनही पायाभूत मानली जाते. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या साधारण दोन तृतीयांश इतकाच, पण मेंदू तो पकडतो. खालच्या पट्टीच्या आवाजांना ही वेळेची खूण उपयोगी पडते. वरच्या पट्टीत डोकं मध्ये आडवं येतं आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी मिळतो, तिथे ती दुसरी खूण. आता राहिलं पुढे-मागे आणि वर-खाली. समोरच्या आणि बरोबर मागच्या आवाजात ना वेळेचा फरक, ना पातळीचा. तिथे कानाची पाळी कामाला येते. तिच्या वळणावळणांतून जाताना आवाजाचा पोत किंचित बदलतो, आणि जन्मापासूनच्या सवयीने मेंदूला त्या बदलाचा अर्थ लागतो. डोक्याचा आणि कानांचा हा सगळा परिणाम गणिताने मांडता येतो. त्या गणिताला एचआरटीएफ म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपं आहे: कोरड्या आवाजाला 'तुमच्या मागून, थोडा वरून' असा पत्ता चिकटवणं.

म्हणजे बघा, पत्ता सॉफ्टवेअर चिकटवतं. हेडफोनने ते पत्र न फाडता पोचवायचं असतं. एवढं ध्यानात घेतलं की खोक्यावरच्या '७.१ सराउंड' या शब्दांची जादू उतरते. बाजारातल्या बहुतेक ७.१ हेडसेटमध्ये दोनच ड्रायव्हर असतात, एका कानाला एक. सात स्पीकर आणि एक वूफर आहेत असा भास सॉफ्टवेअर निर्माण करतं, आणि ते काम कुठल्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर होऊ शकतं. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट मिळतं. प्लेस्टेशन ५ ची टेम्पेस्ट प्रणाली कुठल्याही जोडलेल्या हेडफोनवर चालते आणि आपल्या कानाला जुळणारं प्रोफाइल निवडायला देते. मग खोक्यावरच्या त्या आकड्याचे पैसे कशाचे? आमचं उत्तर असं: रंगीत दिव्यांचे आणि त्या आकड्याचेच. (हशा) तेच पैसे चांगल्या ड्रायव्हरवर, मापात बसणाऱ्या पट्ट्यावर आणि वेगळ्या माइकवर खर्च झाले तर कानाला जास्त मिळतं.

आता तीन गेम घेऊ. तिघे हेडफोनकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात.

पहिला 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस'. केंब्रिजच्या निंजा थिअरीने तो २०१७ मध्ये काढला. सुरुवातीलाच हा गेम हेडफोन लावायला सुचवतो. सेनुआ ही पिक्ट जमातीची योद्धी, आणि तिला आवाज ऐकू येतात. मनोविकृतीचा अनुभव सनसनाटी न करता मांडता यावा म्हणून निर्मात्यांनी मनोविकारतज्ज्ञांशी आणि असा अनुभव घेतलेल्या माणसांशी सल्लामसलत केली होती. हे आवाज बायनॉरल पद्धतीने ध्वनिमुद्रित केलेत. माणसाच्या दोन कानांच्या जागी दोन मायक्रोफोन, आणि अभिनेत्री त्याभोवती फिरत बोलतायत, कुजबुजतायत. हेडफोनवर ऐकताना एक बाई डाव्या कानाशी येते, दुसरी मानेमागून हसते. स्पीकरवर हीच गोष्ट खोलीभर पसरलेली बडबड होऊन जाते.

इथे दाद द्यायची ती नुसत्या परिणामाला नाही. या गेममध्ये पडद्यावर ना जीव दाखवणारी पट्टी आहे, ना नकाशा. लढाई चालू असताना मागून वार येणार असेल तर ते हे आवाज सांगतात. जे आवाज सेनुआला छळतात, हिणवतात, तेच तिला वाचवतातही. खेळणारा हळूहळू त्यांच्यावर विसंबायला लागतो, आणि त्यांचा तिरस्कार करणं अवघड होऊन बसतं. हा या कलाकृतीचा गाभा आहे आणि तो कानांतून पोचतो. त्यामुळे आवाजाची मांडणी बिघडली तर अर्थ बिघडतो. आणि तो बिघडवायला एक बटण पुरतं. बायनॉरल ध्वनिमुद्रणात दिशेचा पत्ता आधीच लिहिलेला असतो. त्यावर हेडसेटचं '७.१' चालू केलं की ते सॉफ्टवेअर पत्त्यावर दुसरा पत्ता लिहितं. कानाशी कुजबुजणारी बाई कुठल्यातरी घुमणाऱ्या खोलीत समोर उभी राहिल्यासारखी वाटते. शेकडो तासांची मेहनत, आणि आपण 'सुधारणा' म्हणून ती पुसून टाकतो.

दुसरा गेम 'काउंटर-स्ट्राइक'. त्याच्या 'न्यूक' या नकाशात बॉम्ब लावायच्या दोन जागा एकीच्या डोक्यावर एक आहेत. पावलं ऐकू आली, उजवीकडून आली, इथवर ठीक. पण वरच्या मजल्यावर की खालच्या? वेळेचा आणि पातळीचा फरक इथे थकतो, एचआरटीएफचीच परीक्षा लागते. २०२३ च्या 'काउंटर-स्ट्राइक २' मध्ये ही प्रक्रिया गेमच स्वतः करतो. म्हणून त्याला साधा स्टिरिओ हेडफोन द्यायचा आणि बाकीची सगळी सराउंड बटणं बंद ठेवायची. नियम एकच लक्षात ठेवा: दिशेचं काम एकानेच करावं. गेमने केलं तर विंडोजने आणि हेडसेटने गप्प बसावं. गेम करत नसेल तर विंडोजचं किंवा कन्सोलचं चालू करावं. दोघांनी मिळून केलं की दोघांचंही वाया जातं.

याच गेमच्या निमित्ताने एक वादाचा मुद्दा. स्पर्धेत खेळणारे इक्वलायझर लावून खालचे स्वर कापतात आणि वरचे मधले स्वर उचलतात, म्हणजे पावलं उठून येतात. हे चालतं का? चालतं, काही अंशी. काउंटर-स्ट्राइकमध्ये आवाज हा माहितीचा स्रोत आहे, आणि जिंकण्यासाठी माहिती वेचणं हा त्या खेळाचा भाग आहे. पण तोच इक्वलायझर कायम ठेवून माणूस 'हेलब्लेड' लावतो, एखादा शांत साहसी गेम लावतो, गाणी ऐकतो. सगळ्यांचा पाया कापलेला. वादळ पातळ झालेलं, ढोलाचं पत्र्याचं डबडं झालेलं. ऐकणं म्हणजे शत्रूचा ठावठिकाणा, एवढंच उरतं. आमचा आक्षेप त्या सवयीला आहे. पहिला चांगला हेडफोन घेणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी 'पावलांची सेटिंग' देणं म्हणजे वाचायला शिकणाऱ्या मुलाला थेट गाइड हातात देणं. पास होईल तो, पण पुस्तक वाचायचं राहून जाईल.

तिसरा गेम आपल्या घरचा. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. कॅमेरा उंचावर, लांब. राजी बऱ्याचदा पडद्यावर बोटभर दिसते. इथे हेडफोनवर काय ऐकायचं? मागून कोण येतंय याला अशा दृश्यात फारसा अर्थ नाही. गेम बनवताना एक निर्णय घ्यावा लागतो: खेळणाऱ्याचा कान कुठे ठेवायचा, पात्राच्या डोक्यावर की कॅमेऱ्याजवळ? 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये दोन्ही एकच, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. 'राजी'सारख्या गेममध्ये तो उद्भवतो. आम्हांला 'राजी'च्या मांडणीचं वैशिष्ट्य असं वाटतं की कथनामुळे आपण देवांच्या शेजारी बसून ऐकतो. दोन सूत्रधार वरून खाली पाहत आपसांत बोलतायत आणि आपण त्यांच्यातले तिसरे. हेडफोनवर ही जवळीक दाट होते. दुर्गेचा आवाज कानाशी, राजी लांब खाली. हा विरोधाभास टीव्हीच्या स्पीकरवर पुसट होतो. इथे हेडफोनकडून अपेक्षा आहे ती माणसाचा आवाज आणि वाद्यं यांचा खरा पोत देण्याची. दिशादर्शन इथे दुय्यम.

तर तीन मागण्या झाल्या: जवळीक, दिशा आणि पोत. एकाच हेडफोनने तिन्ही पुरवायच्या तर तो कसा असावा? समतोल. खालचे स्वर फुगवलेले नकोत, वरचे बोचरे नकोत. शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीत केलेल्या संशोधनातून दिसलं की बहुतेक श्रोत्यांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाटणारा हेडफोन आवडतो. गेमरचा कान वेगळा नसतो. 'गेमिंग'साठी म्हणून निराळा सूर लागतो, हा समज खोक्यावरून आलेला आहे.

आता निवडीतले तीन व्यवहार, थोडक्यात.

एक, उघडा की बंद. उघड्या पाठीच्या हेडफोनला बाहेरून जाळी असते, हवा खेळते, आवाज डोक्याबाहेर मोकळा पसरल्यासारखा वाटतो. दिशेसाठीही तो सहसा सुखाचा. सेनहायझरचा एचडी ५६०एस किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो ही त्यातली माहितीतली नावं. पण जाळीतून आवाज दोन्हीकडे जातो. तुमच्या तलवारी शेजारी झोपलेल्याला ऐकू जातात आणि कुकरच्या शिट्ट्या तुम्हांला. दीड खोलीत चौघं राहत असतील, डोक्यावर पंखा घरघरत असेल, तर बंद पाठीचा घ्यावा, उदाहरणार्थ बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स. स्वतःची खोली असेल आणि ती शांत असेल तर उघडा. इंटरनेटवर कुणाचा काय क्रमांक आहे, यापेक्षा आपल्या घराच्या भिंती जास्त खरं सांगतात.

दोन, ओहम. हेडफोनवर ३२, ८०, २५०, ३०० असे ओहम लिहिलेले असतात. तो इम्पिडन्स. मोठा आकडा म्हणजे मोठी गुणवत्ता, असं नाही. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला पुरेसा आवाज यायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कन्सोलच्या कंट्रोलरमधल्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून तेवढं सहसा मिळत नाही. मग वेगळा अ‍ॅम्प आला, म्हणजे खर्च वाढला. पहिल्या हेडफोनसाठी ३२ ते ८० ओहमच्या आसपास राहिलं की बहुतेकांचं अ‍ॅम्पशिवाय भागतं. ओहमसोबत संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा, दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

तीन, वायर. साध्या ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. सिनेमात ते झाकून जातं, गेममध्ये गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की बऱ्याचदा तो फोनच्या पद्धतीवर उतरतो आणि सगळा गेम जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा ऐकू येतो. वायरलेसच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला घ्यावा. नाहीतर वायर. तिला चार्जिंग लागत नाही.

हेडफोन घरी आला. लावायचा कसा? क्रम सांगतो.

आधी डोक्यावर नीट बसवा. इअरपॅडने कान पूर्ण वेढला पाहिजे, फट राहता कामा नये. चष्म्याची दांडी पॅड उचलते आणि तिथून खालचे स्वर निसटतात, म्हणून चष्मेवाल्यांनी मऊ पॅड पाहावेत. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत रेक्झिनचे पॅड घामाने सोलपटतात, कापडी मखमली पॅड जास्त टिकतात. सुटे पॅड मिळतात का, हे घेतानाच विचारा.

मग डावं-उजवं तपासा. हसू नका, उलटा हेडफोन लावून महिनोन्महिने खेळणारी माणसं आहेत. ओळखीच्या माणसाचं बोलणं ऐका. आवाज नेमका मध्ये यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर कॉम्प्युटरमधला बॅलन्स पाहा, प्लग पुरता आत गेलाय का ते पाहा. पुढच्या पॅनलला माइक आणि हेडफोन यांची भोकं वेगळी असतील आणि तुमच्या वायरला एकच चार पट्ट्यांचा प्लग असेल, तर छोटा स्प्लिटर लागेल.

नंतर विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये सगळे 'एन्हान्समेंट' बंद करा. 'लाउडनेस इक्वलायझेशन' तर आवर्जून. ते लांबचं पाऊल आणि जवळचं पाऊल एका पातळीवर आणतं, म्हणजे अंतराची खूणच पुसतं. त्यानंतर गेममध्ये जाऊन आउटपुट 'हेडफोन' किंवा 'स्टिरिओ' करा. बऱ्याच गेममध्ये ते 'टीव्ही' किंवा 'होम थिएटर'वर राहिलेलं असतं आणि लोक हेडफोनला दोष देतात.

इक्वलायझरला मात्र निदान दोन आठवडे हात लावू नका. जुन्या इअरफोनच्या फुगीर ढमढमीची सवय झालेल्या कानाला समतोल आवाज पहिल्या दिवशी फिका वाटतो. अळणी नव्हे, पण मसाला कमी. कानाला वेळ द्या. माहितीतला गेम पुन्हा खेळा. ओळखीच्या ठिकाणी न ऐकलेलं काही ऐकू आलं की समजा, हेडफोन आपलं काम करतोय.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यात खरं काही पणाला लागलंय. आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा की प्रौढांनी आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी सरासरी ८० डेसिबलच्या वर नको, मुलांसाठी ७५. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. गेममध्ये धोका असा की माणूस हलकं पाऊल ऐकायला आवाज चढवतो आणि पुढच्या क्षणी बंदुकीचा बार त्याच चढलेल्या पातळीवर कानात फुटतो. आतल्या कानाच्या रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात शीळ वाजत राहायला लागली, तर ती कुठल्याच सेटिंगने बंद करता येत नाही.

म्हणून आम्ही चांगल्या हेडफोनची व्याख्या अशी करतो: ज्यावर आवाज कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं, तो चांगला. समतोल ड्रायव्हर, नीट बसलेला पॅड, एकदाच केलेली दिशेची प्रक्रिया, हे सगळं शेवटी यासाठी. शून्यापासून वर जा. संवाद स्पष्ट कळले की थांबा. तास झाला की हेडफोन काढून ठेवा, आणि पुन्हा लावताना पातळी दोन घरं खाली आणून पाहा. बहुतेक वेळा तेवढंही पुरतं.

राहता राहिला आमच्यासमोर नेहमी येणारा एक प्रश्न: हेडफोन लावला की मुलगा घरातून उठून जातो, त्याचं काय? तक्रार खरी आहे. बंद पाठीचा हेडफोन घरात एक भिंत बांधतोच. पण भिंतीला दार ठेवता येतं. एक कान मोकळा ठेवायच्या वेळा ठरवता येतात. त्याहून बरं म्हणजे, तोच हेडफोन पंधरा मिनिटं आईच्या किंवा आजीच्या कानांवर द्या आणि 'राजी'ची सुरुवात लावा. गेमविषयी घरात होणारं भांडण बहुतेकदा फक्त पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांमधलं असतं. पाहणाऱ्याला पडद्यावर मारामारी दिसते. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी काय बोलतायत, हे त्याने ऐकलेलंच नसतं.

प्रश्न असतील तर घेऊ या.